सतरा जण, हैद्राबाद आणि पाच दिवस

यंदा भाऊबीजेला आत्या येणार, धाकटा भाऊ पुण्याहून येणार, म्हणजे माहेरचे सगळे नागपुरात एका छताखाली. तर फराळ खाऊन आपापल्या घरी पांगण्यापेक्षा कुठेतरी सोबत जाऊ असं ऑगस्टमध्येच ठरलं. पोट्ट्यांना पार्क पाहिजे होता, राईड्स पाहिजे होत्या. खोपोलीचं इमॅजिका पण डोक्यात होतं, पण नागपूरहून ते महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, आपल्याला हैद्राबाद कितीतरी जवळ पडतं आणि तिथे रामोजी फिल्म सिटी पण आहे आणि वंडरला हे राईड्सचं पार्क पण, एका जाण्यात दोन्ही होऊन जातात.

माणसं मोजली तर सतरा. आजी (वय ७७), मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) आणि मोठी आई, आई-बाबा, आत्या-आतोबा आणि त्यांची कॉलेजात जाणारी दोघं, मोठ्या बाबांचा मुलगा म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांचे गुड्डू (१०) आणि चिऊ (४), आमच्याकडून मी, नवरा आणि सई (७), आणि धाकटा. प्लॅनिंग माझ्याकडे आलं.

पहिली अडचण आजीची. सगळ्यांचं म्हणणं की पार्कमध्ये आजी काय करणार, तिचे गुडघे दुखतात, शेजारच्या काकूंकडे ठेवू चार दिवस. आजी आतल्या खोलीत वाती वळत होती, तिथूनच म्हणाली, "मी का ओझं व्हय का? मले नेता का नाही नेता ते पयले सांगा, मग तुमचे तिकिटं काढा." त्यानंतर कोणी काही बोललं नाही. मी त्याच रात्री ठरवलं की सगळा प्लॅन आजीच्या आणि चिऊच्या हिशोबाने करायचा, मधले सगळे आपापलं पाहून घेतात. आता परत आल्यावर सांगते, पूर्ण ट्रिपमध्ये घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता.

तिकिटांचं थोडक्यात. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर ६ च जण बसतात, त्यामुळे आमची तीन तिकिटं झाली, ६, ६ आणि ५. तीन मोबाईलवर तिघांनी एकाच वेळी काढली तर डबा एकच मिळायचा चान्स जास्त. आणि प्रत्येक तिकिटात एक म्हातारं, एक लेकरू आणि एक धडधाकट माणूस असं वाटून घ्या, म्हणजे सीटा लांब लांब पडल्या तरी कोणी एकटं पडत नाही.

पहिला दिवस, रविवार

सिकंदराबादची वंदे भारत नागपूरहून पहाटे ५ ला सुटते (मंगळवारी नसते, तारीख धरताना पाहून घ्या). म्हणजे आमच्या घरी रात्री कोणी झोपलंच नाही. मोठ्या आईने दोन वाजता उठून तिखट-मिठाच्या पुऱ्या तळल्या, आईच्या दशम्या आदल्या संध्याकाळीच झाल्या होत्या, वरून लसणाची चटणी, चिवडा आणि संत्रा बर्फीचे दोन डबे. स्टेशनवर थंडी नव्हती पण आजीने कानाला स्कार्फ बांधलाच.

सेवाग्रामपर्यंत अंधार होता. चंद्रपूरच्या आसपास चांगलं उजाडलं आणि मग बल्लारशा गेल्यावर पाट्यांवरची अक्षरं गोल गोल व्हायला लागली, सई एकेक अक्षर बोटाने हवेत काढून पाहत होती. मंचेरियाल गेलं आणि मोठे बाबा एकदम उठून आजीच्या सीटजवळ गेले, "माय, गोदावरी येऊन राहिली."

आजीने पदराची गाठ सोडली. त्यात पाच रुपयांचं एक नाणं होतं, घरूनच बांधून आणलेलं. पूल लागला, खाली पाणी भरपूर, पावसाळा नुकताच सरलेला. आजी हात वर करून खिडकी चाचपडू लागली आणि या गाडीची खिडकी उघडतच नाही. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, कडी शोधली. काचेवर तळहात ठेवून तशीच बसली आणि पूल संपेपर्यंत हात जोडून राहिली. मग म्हणाली, त्र्यंबकची गोदामाय इतक्या लांब येऊन इतकी मोठी झाली. नाणं परत पदरात गेलं. मला तेव्हा फार चुकचुकलं, नेहमीच्या गाडीने निघालो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

सव्वाबाराला सिकंदराबाद. आणि इथे गडबड झाली. आम्ही पाच दिवसांसाठी २० सीटर गाडी बुक केली होती, ॲडव्हान्स पण भरला होता, आणि समोर उभी होती १२ सीटर. ड्रायव्हर म्हणे मला हीच सांगितली. ज्याने बुक केली तो फोन उचलेना. सतरा माणसं, एकवीस बॅगा आणि ऊन. शेवटी म्हातारी मंडळी आणि लेकरं गाडीत, बाकीचे दोन ऑटोत, आणि संध्याकाळपर्यंत भांडून भांडून मोठी गाडी मिळाली. यात माझा एक पूर्ण तास आणि बराच जीव गेला. तुम्ही करणार असाल तर आदल्या दिवशी गाडीचा फोटो, नंबर आणि ड्रायव्हरचा स्वतःचा मोबाईल नंबर मागून घ्या, तोंडी "हो जी, बडी गाडी है" वर विश्वास ठेवू नका.

संध्याकाळी चारमिनार. १५९१ साली बांधलेली इमारत, फोटोत हजारदा पाहिलेली, पण लाड बाजाराच्या गर्दीतून मान वर केली की ती एकदम डोक्यावरच येते. बायका सगळ्या बांगड्यांत शिरल्या. एका दुकानात एक कारागीर निखाऱ्यावर लाख गरम करत बसला होता, वहिनीच्या हाताला बांगडी सैल होत होती तर त्याने तिथेच ती परत तापवली, लाकडाच्या दांड्यावर फिरवली, छोटी केली, आणि तिच्यावरचे बारके खडे एकही हलले नाहीत. गुड्डू आणि सई दोघं पंधरा मिनिटं तिथून हलले नाहीत.

आणि भाषा! दुकानदाराने विचारलं और दिखाऊं क्या, आत्या म्हणाली नको, तो म्हणाला "नक्को? हौ, ठीक है." आजी ऐकून इतकी खूश झाली. नक्को आपला, हौ तर अगदीच आपला. पुढचे चार दिवस आजीला हैद्राबादेत कोणाशीही बोलायला दुभाषा लागला नाही, ती सरळ वऱ्हाडीत बोलायची आणि समोरचा दख्खनीत, आणि दोघांचं जमायचं.

रात्री इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं, मग बिर्याणी. शाकाहारी मंडळींसाठी इडली-डोसा कुठेही मिळतो त्यामुळे एवढ्या मोठ्या घरात जेवणाचं भांडण होत नाही, ही हैद्राबादची फार मोठी गोष्ट आहे. खुबानी का मीठा मात्र सगळ्यांनी खाल्लं, मोठ्या आईने दुसऱ्यांदा मागवलं.

दुसरा दिवस, सोमवार, रामोजी

रामोजी शहरात नाही, विजयवाड्याच्या हायवेवर आहे, आम्हाला हॉटेलपासून तास-सव्वा तास लागला. १९९६ ची ही फिल्म सिटी, जगातलं सगळ्यात मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नाव आहे. सकाळी नऊला गेटवर पोचा, त्यात आळस करू नका, कारण दिवस पुरत नाही.

गेटवर बाहेरचं खाणं ठेवून घेतात. दशम्यांचा डबा गाडीतच राहिला, मोठ्या आईचं तोंड उतरलं. पण आम्ही सकाळी आठलाच गाडीत पोटभर खाऊन घेतलं होतं, आणि हे लहान लेकरं असणाऱ्यांनी नक्की करा, आतमध्ये पहिले दोन तास मग कोणी भूक भूक करत नाही.

आता मुख्य गोष्ट. सतरा जणांनी दिवसभर एकत्र फिरायचं असा हट्ट मी अगोदरच सोडला होता. आत गेल्या गेल्या एक जागा ठरवली, एक वेळ ठरवली, दुपारी दीडला फिल्म सिटीतल्या युरेका नावाच्या भागात जेवायला सगळे, मध्ये ज्याला जिथे जायचं तिथे. कारण फोन तर असतात पण गाण्यांच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही. सगळ्यांना केशरी टोप्या घेतल्या होत्या, इतवारीतून, लांबून दिसायला. लेकरांच्या खिशात दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि चिऊच्या तर फ्रॉकच्या आतून सेफ्टी पिनने लावलेली. आजीने स्वतःसाठी पण चिठ्ठी मागून घेतली आणि ब्लाऊजमध्ये ठेवली.

सकाळी स्टंट शो पाहिला, लेकरं खुर्चीवर उभी. मग त्या लाल बसमधून सेट पाहायला निघालो. बस भरली की सुटते, त्यामुळे अर्धे आम्ही एका बसमध्ये आणि अर्धे मागच्या. गाईड सांगत होता की एकाच बिल्डिंगच्या चार बाजू चार वेगळ्या, इकडून शाळा, तिकडून दवाखाना. एका देवळाच्या सेटवर उतरलो तर आजीने चप्पल काढली. धाकटा म्हणाला, आजी, खरं देऊळ नाही हे. आजी खांबाजवळ गेली, बोटाच्या पेराने ठोकलं, डब डब असा पोकळ आवाज आला, परत एकदा ठोकलं. मग तरीपण नमस्कार केला आणि चप्पल घालून पुढे. कोणी काही बोललं नाही.

बाहुबलीचा सेट पोरांना पाहायचा होता, तो पाहिला, फोटो शंभर तरी काढले. तीनच्या सुमारास आभाळ एकदम काळं झालं आणि असा पाऊस आला की बस रेल्वे स्टेशनच्या सेटजवळ थांबली आणि आम्ही सगळे धावत शेडमध्ये. छत्र्या गाडीत. चिऊ रडवेली, सगळे ओले, पुढची बस कधी येते पत्ता नाही.

मोठे बाबा रेल्वेत ३४ वर्षं होते, पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा) म्हणून लागले आणि शेवटी आमल्याला असताना रिटायर झाले. बोलणारा माणूस नाही, घरी जेवायला बसले तरी दोन वाक्यं. ते त्या खोट्या प्लॅटफॉर्मवर मागे हात बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, वाकून रूळ पाहिले, मग परत आले आणि गुड्डूला म्हणाले, "ये इकडे, तुले सांगतो." आणि मग सुरूच झाले. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची काहून लिहिलेली असते, सांधे कसे बदलायचे, रात्री कंदिलाची हिरवी काच, लाल काच, धुक्यात रुळावर फटाके लावायचे म्हणजे ड्रायव्हरला आवाजाने समजतं पुढे सिग्नल आहे. फटाक्यांचं ऐकून लेकरं सरळ त्यांच्या पायाशी बसली. बाजूला अडकलेलं एक तेलुगू कुटुंब होतं, त्यांची मुलं पण येऊन बसली, मोठे बाबा हिंदीवर आले. दादा माझ्या बाजूला उभा होता, हळूच म्हणाला, "हे मला पण कधी सांगितलं नाही बाबांनी." पाऊस पाऊण तास पडला. बस आली तेव्हा गुड्डू म्हणाला जाऊ द्या, पुढच्याने जाऊ.

त्यामुळे पक्ष्यांचं पार्क राहिलं, संध्याकाळचा शो अर्धाच पाहिला. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तिसरा दिवस, मंगळवार

हा दिवस मुद्दाम रिकामा ठेवला होता. दोन पार्क लागोपाठच्या दिवशी करू नका, म्हाताऱ्यांचे पाय आणि लेकरांचे मूड दोन्ही जातात. तरुण मंडळी अकरापर्यंत झोपली. मी आजी, आई-बाबा, मोठे बाबा आणि मोठ्या आईला घेऊन सालारजंग म्युझियमला गेले (शुक्रवारी बंद असतं). तिथलं ते घड्याळ पाहायला बारा वाजायच्या आधी जागा धरून बसावं लागतं. समोर बाकांवर दोनेकशे माणसं, सगळी गप्प. घड्याळातला एक बारका लोहार सेकंदा सेकंदाला हातोडा मारत असतो आणि तास भरला की आतून एक दाढीवाला बाहेर येऊन टोले देतो. बारा टोले लोकांनी मोठ्याने मोजले, आजीने पण मोजले, मराठीत. आई नंतर रेबेका नावाच्या बाईचा तो संगमरवरी पुतळा पाहत बराच वेळ उभी राहिली. चेहऱ्यावरून पदर घेतलेला आणि पदराच्या आतून चेहरा दिसतो आणि सगळा एकच दगड. आई शिवणकाम करते, ती मला म्हणाली, कापडाला पण अशी चुणी पाडता येत नाही गं.

चौथा दिवस, बुधवार, वंडरला

आउटर रिंग रोडला लागून आहे, २०१६ ला सुरू झालं. इथे तिकीट वयावर नाही, उंचीवर असतं, ज्येष्ठांना सवलत असते, कॉलेजच्या पोरांना पण असते, त्यामुळे आधार कार्ड आणि कॉलेजचं आयकार्ड सोबत ठेवा. बुधवार असल्याने गर्दी कमी होती, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच.

उंचीवरूनच मोठं दुःख झालं. गुड्डूने दोन महिन्यांपासून व्हिडिओ पाहून पाहून रिकॉइल ठरवलं होतं, तो उलटा जाणारा रोलर कोस्टर. रांगेच्या सुरुवातीला उंची मोजायची पट्टी असते, १४० सेंटीमीटर पाहिजे. गुड्डू १३८. त्याने पाठ ताणली, टाचा उचलल्या, तिथल्या मुलीने प्रेमाने पण ठामपणे नाही म्हटलं. आणि ते बरोबरच आहे, खांद्यावरचा पट्टा नीट बसला नाही तर काय होईल, त्यात दोन सेंटीमीटरला सूट नसतेच. पण पोराचा चेहरा पाहवेना. रडला नाही, फक्त टोपी काढून हातात घेतली. धाकटा तोपर्यंत रांगेत आत गेला होता, त्याला पण महिनाभरापासून तीच राईड पाहिजे होती, पुण्याहून येतानाच बोलत होता. तो दोरीखालून बाहेर आला, गुड्डूच्या खांद्यावर हात ठेवला, "चल, मला पण नाही बसायचं, दुसरीकडे जाऊ." दिवसभर तो रिकॉइलमध्ये बसला नाही. मी सगळ्यांना कळकळीने सांगते, निघायच्या आधी घरी दाराच्या चौकटीला उभं करून, चप्पल काढून, लेकरांची उंची मोजा आणि कोणती राईड मिळेल, कोणती नाही ते तिथेच सांगून टाका. ही माझी चूक झाली आणि भोगलं त्या पोराने.

दुपारी पाणी. पाण्यात कॉटन चालत नाही, नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कपडे लागतात, साडी-सलवार पण नाही. हे मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं आणि आत्या तेव्हाच म्हणाली होती की मी काठावर बसते. आत्या ५४ वर्षांची, लग्नानंतर साडीशिवाय कोणी पाहिलं नाही तिला. तिच्या मुलीने न विचारता नागपूरहूनच तिच्यासाठी लेगिंग आणि लांब बाह्यांचा टॉप आणला होता, गडद निळा, गुडघ्यापर्यंत. चेंजिंग रूममध्ये दोघी वीस मिनिटं होत्या. आत्या बाहेर आली ती दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून, इकडेतिकडे पाहत. आतोबा समोरच उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त हात पुढे केला आणि वेव्ह पूलकडे चालायला लागले.

पहिली लाट आली तेव्हा आत्या किंचाळली. दुसरीला हसली. मग पाऊण तास आम्ही तिला बाहेर काढू शकलो नाही, केस मोकळे, हात वर. मोठ्या आईने ते पाहिलं आणि उठून विचारलं, असा ड्रेस इथे विकत भेटते का? भेटते. मोठी आई पण गेली.

आजी सावलीत बाकावर होती, पायाशी चिऊ. तिला व्हीलचेअरवरून फिरवायचं आम्ही आळीपाळीने वाटून घेतलं होतं, प्रत्येकाला एक एक तास, म्हणजे कोणावर भार नाही आणि आजी पण एकटी नाही. आणि तिच्याजवळ जो बसायचा त्याला ती एक तरी जुनी गोष्ट सांगायची, त्यामुळे संध्याकाळी माझ्या नवऱ्याला आमच्या घरातल्या अशा गोष्टी माहीत होत्या ज्या मला पण माहीत नव्हत्या.

पाचवा दिवस, गुरुवार

सकाळी बिस्किटांचे डबे घेतले, प्रत्येक शेजाऱ्यामागे एक. दुपारी १ ची गाडी. अर्धे डब्यात बसल्या बसल्या झोपले. आदल्या रात्री हिशोब सांगायचा म्हणून मी वही काढली होती, तर बाबांनी सांगितलं घरी गेल्यावर. एक मात्र सांगते, खर्चाची एक कॉमन पिशवी ठेवा, पहिल्या दिवशी प्रत्येक घराने सारखी रक्कम टाकायची आणि चहापासून ऑटोपर्यंत सगळं त्यातूनच, नाहीतर कोणी दिले, कोणाचे राहिले यात चव जाते.

गोदावरी परत आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. सगळे झोपलेले, आजी जागी. तिने नाणं काढलं, हातात धरलं, पूल गेला तसं चिऊच्या मुठीत दिलं. चिऊने विचारलं, पाण्यात टाकायचं होतं ना?

"मार्चमध्ये सेकंड क्लासनं येऊ," आजी म्हणाली, "तोवर तू सांभाळ."

नागपूरला रात्री साडेआठच्या आसपास पोचलो. चिऊ दादाच्या खांद्यावर झोपली होती, मूठ बंदच. घरी वहिनीने हळूच सोडवून ते नाणं देव्हाऱ्यात ठेवलं. मार्चच्या कोणत्या तारखेचं रिझर्वेशन कधी उघडतं ते मी काल कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.